‘टायर फुटला साहेब’ म्हणून सुटका नाही : संत्र्याचा हंगाम, पिकअप आणि आपला हलगर्जीपणा

पांढुर्णा-सौसर पट्ट्यात मालगाडीच्या अपघाताची बातमी करायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. रस्त्याच्या कडेला पिकअप आडवी पडलेली असते, कॅरेटमधली संत्री डांबरावर पसरलेली असतात, आणि घोळक्यातला कुणीतरी सांगतो, ‘टायर फुटला साहेब, आता याला कोण काय करणार?’ पंचनाम्यात तेच लिहिलं जातं, आम्हीही बातमीत तेच लिहितो, आणि विषय तिथेच संपतो. जणू टायर आभाळातून पडलेल्या विजेसारखा फुटतो आणि त्यात माणसाचा काही हात नसतो.

हे खरं नाही. आणि हे आता न्यायालयानेही सांगून ठेवलेलं आहे.

२०१० च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली आणि आतला ३८ वर्षांचा माणूस जागीच गेला. त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये द्या, असा आदेश मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने दिला. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं, की टायर फुटणं ही दैवी घटना, म्हणून भरपाई द्यायची गरज नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. टायर फुटणं ही देवाची करणी नाही, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे. हवा कमी असणं, जास्त असणं, वेग, जुने टायर, तापमान अशी त्याची कारणं असतात आणि निघण्याआधी टायर तपासणं हे चालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय.

आपलं उच्च न्यायालय जबलपूरचं, त्यामुळे मुंबईचा निकाल इथे जसाच्या तसा बांधील नाही, हे मान्य. पण आपल्या गाड्या चालतात कुठे? सौसरची गाडी सावनेरमार्गे नागपूरला, पांढुर्ण्याची कळमन्याला नाहीतर वरुडला. एमपी २८ ची पाटी लावलेली गाडी दिवसाचा निम्मा वेळ महाराष्ट्राच्या हद्दीत असते. अपघात तिकडे झाला तर दावा तिकडेही लागू शकतो, कारण कायद्याने दावा अपघाताच्या ठिकाणी, दावेदार राहतो तिथे किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे लावता येतो. तेव्हा ‘टायर फुटला’ म्हणून हात वर करायचे दिवस गेले, असंच समजून चाललेलं बरं.

वजनाचं गणित : खेप एक, धोका दुप्पट

मूळ दुखणं टायरचं नाही, वजनाचं आहे. आपल्याकडे भाडं बहुतेकदा खेपेवर ठरतं. नागपूरची एक खेप म्हणजे अमुक रुपये. मग व्यापाऱ्याला वाटतं, जितकं भरता येईल तितकं भरा. गाडीवाला नाही म्हणाला तर दुसरी गाडी उभीच असते. म्हणून तोही मान डोलावतो.

आता साधा हिशेब करू. संत्र्याचं एक कॅरेट साधारण २० ते २५ किलोचं. मधला आकडा २२ किलो धरला तर १०० कॅरेट म्हणजे २,२०० किलो. पिकअपची क्षमता मॉडेलप्रमाणे बदलते. समजा आपली गाडी दीड टनाची आहे. म्हणजे ७०० किलो जास्त झाले. गाडी कुरकुर न करता चालते, इंजिन ओढून नेतं, कमानी थोड्या बसतात, एवढंच दिसतं. जे दिसत नाही ते टायरवर चाललेलं असतं.

प्रत्येक टायरच्या बाजूला आकाराच्या शेवटी एक आकडा असतो. तो असतो भाराचा. १०० असेल तर एका टायरने ८०० किलो पेलायचे, १०६ असेल तर ९५० किलो, १०८ असेल तर १,००० किलो. समजा मागच्या दोन्ही टायरवर १०८ लिहिलंय. दोघं मिळून २,००० किलो पेलतील. पिकअपमध्ये मालाचा बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो. २,२०० किलोपैकी १,८०० किलो मागे आले आणि गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजन ६०० किलो धरलं, तर झाले २,४०० किलो. म्हणजे प्रत्येक मागच्या टायरवर त्याच्या कुवतीपेक्षा २०० किलो जास्त. हे उभ्या गाडीचं झालं. खड्ड्यात आपटल्यावर किंवा वळणावर एका बाजूला झुकल्यावर याहून कितीतरी जास्त भार एकट्या टायरवर येतो.

शिवाय चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला तर एका किलोमीटरला ते साधारण ४५० वेळा फिरतं. पांढुर्णा ते नागपूर ही खेप शंभर किलोमीटरच्या आतली. तरी चाळीसेक हजार वेळा त्या टायरची बाजू दबते आणि परत ताठ होते. तार वाकवून वाकवून तोडताना ती कशी गरम होते, तसाच टायर आतून तापतो. हवा कमी असेल तर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो. एक वेळ अशी येते की आतले थर एकमेकांपासून सुटतात. मग जो आवाज होतो त्याला आपण ‘अचानक’ म्हणतो. त्यात अचानक काही नसतं. ते तीन महिन्यांपासून चाललेलं असतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे, जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. माल बाजूने, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी २० हजार. कापसाच्या गाड्या भरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४० हजार. पण खरं सांगायचं तर दंडाच्या भीतीवर आता फार विसंबता येणार नाही. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून सीमेवरचे परिवहन चेकपोस्ट बंद केले. तिथल्या वसुलीच्या कहाण्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे ते गेल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. पण नाक्यावरची अडवणूक गेली म्हणून गाडीची कुवत वाढली नाही, हेही लक्षात ठेवावं लागेल.

हवा : फुकटची, तरी सगळ्यात दुर्लक्षित

हवा किती भरायची? या प्रश्नाला पंक्चरच्या दुकानात मिळणारं उत्तर एकच असतं, ‘नेहमीची मारून देतो.’ नेहमीची म्हणजे किती, ते ना तो सांगत ना आपण विचारत. प्रत्येक गाडीच्या दारापाशी किंवा पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा आकडा दिलेला असतो. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. तो आकडा रंगाने दाराच्या आत लिहून ठेवा, म्हणजे चालक बदलला तरी अडचण नाही.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. दर पाच-सहा अंश तापमानाला साधारण एक पौंड फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो, रस्ता त्याहून तापलेला असतो. अशा वेळी नागपूरहून परत आल्यावर हवा मोजली की ती जास्तच दिसणार. मग काही जण थोडी सोडून देतात. ही मोठी चूक. रात्री टायर थंड झाला की हवा कमी भरते, आणि दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी कमी हवेवर धावते. जास्त हवा मारणंही तितकंच वाईट. टायर मधूनच झिजतो, पकड कमी होते आणि खड्ड्यावर दणका सरळ आतल्या तारांना बसतो.

दोनशे-चारशे रुपयांचा हवा मोजायचा काटा गाडीत ठेवला तर दुकानातल्या काट्याचाही खरेखोटेपणा कळतो. नायट्रोजनचा आग्रह धरायची गरज नाही. साधी हवा नियमित तपासली तरी पुरे.

झिजलेला, जुना आणि रबर चढवलेला

कायद्याने पिकअपच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. मोजपट्टी लागत नाही. नक्षीच्या खाचेत मध्ये-मध्ये रबराची छोटी उंचवट्याची पट्टी असते. टायर झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर अपघात वाढले तेव्हा महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. आपल्या चौपदरी रस्त्यावर असं कुणी अडवत नाही, म्हणून आपणच अडायचं.

वयही पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, जसं की २३२२. म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जुन्या बाजारातून ‘चांगली नक्षी आहे’ म्हणून घेतलेला टायर अनेकदा नऊ-दहा वर्षांचा निघतो. नक्षी शाबूत, पण रबर वाळलेलं, बाजूला बारीक चिरा. असा टायर उन्हात भरलेल्या गाडीला लावणं म्हणजे जुन्या दोराने विहिरीत उतरण्यासारखं आहे.

रबर चढवलेल्या टायरबद्दल भांडण करत नाही. चांगल्या ठिकाणी केलेलं काम चालतं आणि गरीब गाडीवाल्याला परवडतं. पण तो पुढच्या चाकाला कधीही नको. पुढचा टायर गेला की स्टेअरिंग गेलं. आणि बाजूवर फुगा आलेला टायर, तो कितीही नवा असो, त्याच दिवशी काढायचा.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळं तिथे येतं. समजा एक टायर ७ हजारांचा. चारांचे २८ हजार. बरोबर हवा आणि बरोबर भार ठेवून ते ५० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला ५६ पैसे. जादा भार आणि कमी हवेत ३० हजारांतच संपले तर ९३ पैसे. शंभर किलोमीटरच्या खेपेला ३७ रुपयांचा फरक, म्हणजे आपल्याकडच्या दोन-चार चहांचे पैसे. यात डिझेल, कमान, ब्रेक आलेलेच नाहीत. आणि हो, नुसता टायर फुटला तर साध्या विमा पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतात, तेही निम्म्यापर्यंत.

रस्ता तोच, ऋतू वेगळा

आपल्या भागाची अडचण अशी की एकाच खेपेत तीन प्रकारचे रस्ते लागतात. बागेतून निघताना काळ्या मातीची पांदण, मग गावचा उखडलेला रस्ता आणि पुढे चौपदरी. पांदणीतून निघालेल्या गाडीच्या नक्षीत चिखल बसलेला असतो. तशीच गाडी डांबरावर आणून साठ-सत्तरने हाणली तर पहिल्या ब्रेकला ती घसरणारच. रस्त्याला लागण्याआधी दोन मिनिटं थांबून चाकातला चिखल आणि अडकलेले दगड काढले पाहिजेत. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा रस्ता सगळ्यात निसरडा असतो. त्या तासाभरात घाई नको.

पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना ‘एवढं तर चालतं’ म्हणून गाडी घालणारे दर वर्षी दिसतात. जाम नदीचं आणि तिच्या नाल्यांचं पाणी किती झटक्यात चढतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलतं, दोन फूट पाणी पिकअपलाही. रिकामी पिकअप तर मागून हलकीच असते. पाणी उतरेपर्यंत थांबणं हाच एक उपाय.

हिवाळ्यात पहाटेच्या लिलावासाठी निघालेल्या गाड्या धुक्यात सापडतात. मागचे दिवे चिखलाने झाकलेले आणि चमकपट्टी निघालेली असेल तर मागच्या ट्रकला पिकअप दिसतच नाही.

सौसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय बऱ्याच जणांना आहे. काही तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते, पाय दाबून दाबून दुखतो आणि गाडी ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या ट्रकवाल्यांची शिकवण आजही बरोबर आहे. कापूस किंवा चारा उंच रचलेला असेल तर वळणावर गाडीचा तोल वर गेलेला असतो. टायर कितीही चांगला असो, वेग कमी नसेल तर गाडी कलंडणार.

आणि टायर फुटलाच तर? ब्रेकवर पाय मारू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि मग कडेला घ्या. चाक बदलताना गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, मागच्या बाजूला लांबवर त्रिकोण, चाकाला दगडाची ओट, आणि सोबतची माणसं रस्त्यापासून दूर. स्टेपनीत हवा आहे का ते घरूनच पाहून निघायचं.

माल नाही, माणसं

आतापर्यंत संत्र्याबद्दल बोललो. पण मनाला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. संत्रा तोडाईला, कापूस वेचणीला, लग्नाला, जामसावळीच्या दर्शनाला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला याच पिकअपमध्ये वीस-तीस माणसं उभी करून नेली जातात. गाडी तीच, टायर तेच.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आपल्याच राज्यात, दिंडोरी जिल्ह्यात, ओटीभरणाच्या कार्यक्रमाहून परतणारी पिकअप उलटली आणि १४ जण गेले. मे २०२४ मध्ये छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता तोडून येणारी पिकअप दरीत कोसळली, १९ जण गेले, त्यात बहुतेक बैगा समाजाच्या बाया. ऑगस्ट २०२५ मध्ये श्रावणी सोमवारी पुण्याच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेली पिकअप चढावर मागे सरकत खाली गेली आणि किमान दहा महिलांचा जीव गेला. तिन्ही ठिकाणी मालाची गाडी, माणसांची गर्दी आणि चढ-उताराचा रस्ता.

माल दोरीने बांधता येतो. माणसं वळणावर एकदम एका बाजूला झुकतात, आणि गाडीचा तोल त्यांच्यासोबत जातो. मालाच्या गाडीत ना पट्टा, ना छप्पर, ना धरायला काही.

याची कायद्याची बाजू फार कमी लोकांना माहीत आहे. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस बसला असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. पण फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या इतर प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. नंतरच्या काही प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं. पण शेवटी बोजा मालकावरच. म्हणजे पिकअपमधल्या वीस मजुरांपैकी कुणी गेलं तर भरपाई गाडीमालकाच्या घरातून, शेतातून निघणार. आणि त्याच्याकडे काही नसेल, तर मेलेल्याच्या घरी कागदावरचा हुकूमच येणार.

अपघात झालाच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. आणि भरपाईचा दावा शक्यतो सहा महिन्यांच्या आत लावा; ‘तेरावं होऊ द्या, पीक निघू द्या’ म्हणत थांबू नका.

मग करायचं कोणी?

सगळं चालकावर ढकलणं सोपं आहे. त्याला महिन्याचे मोजके पैसे मिळतात, रात्री गाडी भरायची, पहाटे पोचायचं आणि परत यायचं. टायर बदलायचा निर्णय त्याचा नसतो, मालकाचा असतो. किती कॅरेट भरायचे तेही तो ठरवत नाही, व्यापारी ठरवतो. आणि कमी भाड्यात जास्त माल गेला की कास्तकारही खूष असतो. म्हणून भाडं खेपेऐवजी टनावर ठरलं तर निम्मं दुखणं तिथेच कमी होईल. संत्रा व्यापारी आणि गाडीमालकांनी हंगामाआधी एकदा बसून हे ठरवायला हरकत नाही.

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याकडून लोकांनी मोठमोठ्या अपेक्षा ठेवल्या आहेत. त्यात एक छोटी अपेक्षा घालावीशी वाटते. हंगामाच्या सुरुवातीला मंडीत आणि चौपदरीवर दोन दिवस टायर व हवा तपासणीचं शिबिर घ्या. पावती फाडायला नाही, दाखवायला. मंडीच्या काट्यावर भरलेली गाडी फुकट तोलू द्या, म्हणजे गाडीवाल्याला निघण्याआधी आपलं वजन कळेल. आणि तोडाईच्या दिवसांत मजुरांसाठी सकाळ-संध्याकाळ एखादी बस सुरू करता येते का, ते पाहा. पिकअपमध्ये उभं राहणारा मजूर हौसेने उभा राहत नाही. त्याच्यासाठी दुसरं काही येतच नाही.

आंबिया बहाराचा माल निघायला लागला की पुन्हा रात्री-बेरात्री गाड्या भरल्या जातील. निघण्याआधी चार चाकांभोवती एक फेरी मारायला तीन मिनिटं लागतात. हवा, नक्षी, बाजूच्या चिरा, स्टेपनी. एवढं पाहिलं तरी ‘टायर फुटला साहेब’ हे वाक्य आम्हाला कमी वेळा लिहावं लागेल.